वेगवान विमान घ्यायचंय, मग शिकायचं कशावर?

प्रश्न: माझं वय ४६. विमान चालवायला शिकायचं हे कित्येक वर्षं मनात होतं. आता वेळ आणि पैसा दोन्ही जमून आलं आहे. माझ्या पाहण्यात एक वापरलेलं बीचक्राफ्ट बोनान्झा ए-३६ आहे. सहा आसनं, ३०० अश्वशक्तीचं इंजिन, आत ओढली जाणारी चाकं आणि १६५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे वेग. शिकून झाल्यावर मला हेच विमान वापरायचं आहे. क्लबमध्ये मात्र जुन्या सेसना १५२ वर शिका म्हणतात. त्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, इंजिन ११० अश्वशक्तीचं, आणि शंभर नॉटच्या आसपास त्याची धाव संपते. जे पुढे वापरायचंच नाही, त्यात महिनेच्या महिने का घालवायचे? एक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बोनान्झावर शिकवायला तयार आहेत. ते म्हणतात, तास जरा जास्त लागतील, पण जे शिकाल ते तुमच्याच विमानावर. पत्नी म्हणते, आधी साध्यावर शिका. तुमचं मत काय?

उत्तर: तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. बोनान्झा जरूर घ्या, ते देखणं आणि गुणी विमान आहे, पण शिका १५२ वर. आणि आज घाईने खरेदीही करू नका. याची कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाजवी आहे आणि 'पद्धतच तशी आहे' एवढ्यावर तुमचं समाधान होऊ नये.

आधी एक गोष्ट मान्य करतो. थेट बोनान्झावर शिकता येतं, आणि तसे शिकलेले लोक आहेत. ते तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझी काळजी अशी की तिथे तुम्ही विमान चालवायला शिकाल, पण उडायला शिकायला तुम्हाला फुरसतच मिळणार नाही.

लँडिंगचंच बघा. १५२ घेऊन तुम्ही साधारण ६० नॉटने फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, येता. धावपट्टीचं टोक खालून सरकलं की थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी दांडी) बंद. आता नजर नाकासमोरून उचलून धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला न्यायची. जमीन वर येत असल्याचं डोळ्यांच्या कडांना जाणवतं. तुम्ही योक, म्हणजे हातातला नियंत्रणदांडा, किंचित मागे घेता, विमान सपाट होतं. आता त्याला टेकायचं आहे आणि तुम्ही त्याला टेकू देत नाही. वेग उतरत जातो, योक हाताला सैल लागायला लागतो, मघापेक्षा जास्त मागे ओढावा लागतो. नाक हळूहळू वर येतं, स्टॉलची (पंखांची उचल सुटत असल्याच्या इशाऱ्याची) शिट्टी कण्हल्यासारखी वाजते आणि मागची चाकं टेकतात. या सगळ्याला मोजून काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत हाताने काय करायचं हे शब्दांत सांगून येत नाही, शेकडो वेळा करूनच हात बसतो. पहिल्या काही डझन वेळा तुम्ही हमखास चुकणार. कधी जमीन दूर असतानाच विमान सपाट कराल आणि ते धपकन बसेल. कधी उशीर होईल आणि उडी मारेल. कधी वारा बाजूचा असेल आणि तुम्ही रडर (पायांनी वळवायचं शेपटीचं सुकाणू) विसराल. १५२ चं कमाल वजन १,६७० पौंड, आणि मुख्य चाकांचे पाय लवचीक पोलादाचे. नवशिक्याची असली धपधप सोसण्यातच या विमानांची सगळी हयात गेलेली असते. प्रशिक्षक फार तर म्हणतात, 'पुन्हा एकदा', आणि तुम्ही फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आवरून, थ्रॉटल उघडून पुन्हा वर जाता. तासाभरात सात-आठ लँडिंग सहज होतात.

ए-३६ चं कमाल वजन ३,६५० पौंडांच्या घरात आहे, आणि ते उतरतं साधारण ८० नॉटने. वजन दुपटीहून जास्त आणि वेग सव्वापटीहून जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे टेकताना जी ऊर्जा तुम्हाला जिरवायची आहे ती जवळजवळ चौपट झाली. चुकीची किंमतही त्याच मानाने चढते. शिवाय प्रत्येक वाईट लँडिंगनंतर तुमच्या मनात 'माझ्या विमानाचं काही बिघडलं तर नाही ना' हा विचार येईल, प्रशिक्षकांच्या मनातही येईल, आणि ते नियंत्रण लवकर हातात घेतील. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही तेच करेन. पण शिष्याला आपली चूक शेवटपर्यंत होऊ देणं, तिचा परिणाम सुखरूपपणे पाहू देणं हा शिकवण्याचा गाभा आहे. तो साध्या विमानातच परवडतो.

वेगाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. लोकांना वाटतं की वेगवान विमान हाताला जड किंवा अवघड असतं. बोनान्झा तर हाताला इतकं गोड आहे की पहिल्याच उड्डाणात तुम्ही ते छान सरळ न्याल, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. वेग खातो तो तुमचा विचार करण्याचा वेळ. ९० नॉटला विमान मिनिटाला दीड सागरी मैल जातं, १६५ नॉटला पावणेतीन मैल.

हे उतरण्याच्या वेळी कसं अंगावर येतं ते सांगतो. समजा तुम्ही ८,५०० फुटांवर आहात आणि सर्किटची, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या फेरीची, उंची १,५०० फूट आहे. ७,००० फूट खाली यायचं आहे. कानांना आणि इंजिनाला मानवेल अशा मिनिटाला ५०० फूट या हिशोबाने १४ मिनिटं लागतील. तेवढ्यात १७० नॉटने तुम्ही चाळीस मैल कापलेले असाल. म्हणजे विमानतळ दिसायच्या कितीतरी आधी खाली यायला सुरुवात केली पाहिजे. उशीर झाला तर? १५२ मध्ये थ्रॉटल मागे घ्या, फ्लॅप टाका, ते दगडासारखं खाली येतं आणि वेग वाढत नाही. बोनान्झाचं अंग गुळगुळीत आहे. नाक खाली केलं की वेग वाढतो, वेग कमी करायला जावं तर उंची हटत नाही. चाकं खाली काढावीत तर त्यांना वेगाची मर्यादा, फ्लॅपना त्यांची वेगळी मर्यादा. मग नवशिका दीडशे नॉटने सर्किटमध्ये घुसतो. दोन मैलांचा डाऊनविंड, म्हणजे फेरीतला धावपट्टीला समांतर उलट दिशेचा टप्पा, ९० नॉटने ८० सेकंदांचा असतो, १५० नॉटने ४८ सेकंदांचा. त्या ४८ सेकंदांत वेग उतरवायचा, चाकं काढायची, पेट्रोलची टाकी तपासायची, मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि प्रॉपेलर यांच्या दांड्या पुढे सरकवायच्या, रेडिओवर बोलायचं आणि पुढचं विमान शोधायचं. तारांबळ उडते ती इथे.

आणि याच तारांबळीत एक धोका लपलेला आहे, त्याच्यावर जरा थांबतो. वळणाची त्रिज्याही वेगाच्या वर्गाने वाढते. ३० अंश कललेलं विमान ७० नॉटला साधारण ७५० फुटांच्या त्रिज्येत वळतं, १०० नॉटला १,५०० फुटांच्या. वेग थोडासा वाढला आणि वळण दुप्पट रुंद झालं. बेसवरून (डाऊनविंड आणि फायनलच्या मधल्या आडव्या टप्प्यावरून) फायनलकडे वळताना हा हिशोब अंगात मुरलेला नसेल तर विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडे जातं. मग ते परत आणायला पाय नकळत आतल्या रडरवर दाबला जातो, हात योक मागे खेचतो, आणि जमिनीपासून चार-पाचशे फुटांवर एक पंख आधी स्टॉल होतो. तिथून सावरायला उंचीच उरलेली नसते. प्रत्येक विमानात हे होऊ शकतं, १५२ मध्येही. पण १५२ मध्ये तुम्ही हाच प्रकार भरपूर उंचीवर, प्रशिक्षकांसोबत, पुन्हा पुन्हा करून बघू शकता. बाजूची घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू सरकला की बुडाखाली कसं वाटतं, स्टॉलआधी विमान कसं थरथरतं, रडरने पंख कसा उचलायचा हे सगळं शरीराला कळतं. 'रेषा चुकली, सोडून द्या, गो-अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हा निर्णय विनासंकोच घ्यायची सवयही तिथेच लागते. मला विचाराल तर १५२ वर मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

जास्तीच्या दांड्यांबद्दल फार लिहीत नाही. प्रॉपेलरची निळ्या मुठीची दांडी, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), चाकांचा खटका, डावी-उजवी टाकी. एकेक घेतलं तर यातलं काहीच अवघड नाही, दोन दुपारींत समजतं. शक्ती वाढवताना आधी प्रॉपेलर मग थ्रॉटल, कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रॉपेलर, हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. अडचण क्रमाची आहे. ज्याला अजून विमान सरळ ठेवायला सगळं लक्ष लागतं, त्याच्याकडे या गोष्टींसाठी लक्षच शिल्लक नसतं. चाकं न काढता उतरलेल्या बहुतेक वैमानिकांना चाकांचा खटका कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. नेमक्या वेळी मन दुसरीकडे गुंतलेलं असतं, एवढंच.

त्यावर एक उपाय आजपासून करा. १५२ ची चाकं कायम खालीच असतात, तरी प्रत्येक डाऊनविंडवर आणि पुन्हा फायनलवर मोठ्याने म्हणा: 'पेट्रोल, चाकं, मिक्श्चर, प्रॉपेलर, पट्टे.' जगभरचे वैमानिक याच क्रमाची इंग्रजी अक्षरं जोडून 'गम्प्स' म्हणतात. चाकांच्या शब्दाला बाहेर बघून चाक दिसतंय का तेही पाहा. बोनान्झात जाल तेव्हा ही सवय तुमच्याबरोबर आपोआप येईल.

आता ढग. तुमच्या पसंतीच्या विमानाशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना, प्रशिक्षक शेजारी बसवून, बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचं नियंत्रण सुटलं. सर्वात लवकर २० सेकंदांत, सर्वात उशिरा आठ मिनिटांत, सरासरी १७८ सेकंद. एक सोडून सगळे गोल फिरत खाली जाणाऱ्या घसरणीत सापडले. प्रयोगाचं विमान होतं बोनान्झा, त्या काळचं व्ही आकाराच्या शेपटीचं.

या प्रयोगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्याच लोकांना मग एक साधी रीत शिकवली गेली: चाकं खाली काढा, शक्ती कमी करा, ट्रिम (योकवरचा दाब सांभाळणारं चाक) ठराविक जागी आणा, योक सोडून द्या आणि फक्त रडरने हळूहळू मागे वळा. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप परतले. त्या रीतीचं सार काय होतं ते बघा. गुळगुळीत, वेगवान विमानाला मुद्दाम संथ आणि स्थिर करायचं. ज्याने संथ विमान मनापासून ओळखलेलं आहे, त्याला अडचणीच्या वेळी संथ व्हायचं सुचतं. ज्याने वेगाशिवाय काही पाहिलेलंच नाही, तो घाबरला की योक ओढतो, आणि त्या घसरणीत योक ओढला की वळण अजून आवळतं.

हवामानाच्या बाबतीतही वेगाने फरक पडतो. १५२ घेऊन तुम्ही दोन-अडीच तासांत फार तर अडीचशे मैल जाल, बहुधा एकाच हवामानात. बोनान्झा तीन तासांत पाचशे मैल जातं. निघताना निरभ्र आणि पोहोचताना ढगांची भिंत, असा दिवस तुमच्या वाट्याला पहिल्याच मोसमात येईल. म्हणून परवान्यानंतर लगेच उपकरण उड्डाणाचं शिक्षण धरा, बोनान्झाच्या मालकासाठी ते मी ऐच्छिक मानत नाही.

तुमच्या प्रशिक्षकांच्या मुद्द्याला त्यांची बाजू आहे हे खरं. ज्यावर उडायचं त्यावरच शिकलं तर सवयी मोडून नव्या लावाव्या लागत नाहीत, आणि रोज उडणाऱ्या, एकाच चांगल्या गुरूच्या हाताखाली असणाऱ्या शिष्याला हे जमूही शकतं. पण एक दाखला द्यावासा वाटतो. हवाई दलांकडे पैशाची, प्रशिक्षकांची आणि निवडक तरुणांची वानवा नसते. अमेरिकन हवाई दलाने काही काळ नवशिक्यांना सुरुवातीपासून जेट प्रशिक्षणात घालून पाहिलं. मग १९६४ मध्ये त्यांनी सेसना १७२ चीच लष्करी आवृत्ती, टी-४१, मागवली आणि जेटवर बसण्याआधीचे पहिले तास त्यावर द्यायला सुरुवात केली. कोण तयार होऊ शकतं आणि कोण नाही हे साध्या विमानात स्वस्तात कळतं, हा त्यामागचा हिशोब. तुमच्या बाबतीत तोच हिशोब वेगळ्या तऱ्हेने लागू होतो. उड्डाण तुम्हाला खरोखर आवडतं का, वर्षातून किती वेळा उडाल, एकट्याने की घरच्यांसोबत, याची उत्तरं आज तुमच्याकडे नाहीत. पन्नास तासांनंतर असतील. तेव्हा कदाचित तुम्हाला सहा आसनांची गरजच नसल्याचं लक्षात येईल, किंवा पॅराशूट असलेलं, चाकं कायम खाली असलेलं सिरस घरच्यांना जास्त पटेल. तसं झालं तर आज घाईने घेतलेलं बोनान्झा विकत बसावं लागेल.

म्हणूनच खरेदी थांबवा म्हणालो. विमान उभं राहिलं की खराब होतं. इंजिन नियमित चाललं नाही की आतल्या भागांवर गंज धरतो, सीलं सुकतात. तुम्ही १५२ वर शिकत असताना ए-३६ हँगरमध्ये उभं राहणार असेल तर त्याची हेळसांडच होईल. चांगलं बोनान्झा पुढच्या वर्षीही मिळेल. १९४७ पासून हजारोंनी बनलेलं विमान आहे ते.

आता वाट कशी धरायची ते. परवाना मिळेपर्यंत १५२. तुमची उंची किंवा वजन त्यात बसत नसेल तर सेसना १७२ किंवा पायपर वॉरियर, तेही तितकेच चांगले गुरू आहेत. आठवड्यातून निदान दोनदा उडा, खंड पडू देऊ नका. महिनेच्या महिने जातात ते बहुतेक वेळा खंडामुळे, विमानाच्या संथपणामुळे नव्हे. परवान्यानंतर काही काळ १७२ सारख्या चार आसनी विमानात लांबचे प्रवास करा. वेगवेगळे विमानतळ, बाजूचा वारा, भरलेली आसनं आणि गरम दुपारी जड झालेलं विमान अनुभवा. वजन आणि समतोलाचा हिशोब इथे पक्का करा. बोनान्झात पेट्रोल जळत जातं तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, त्यामुळे उड्डाणाच्या सुरुवातीला बसणारा हिशोब शेवटी बसेलच असं नाही.

मग बोनान्झा घ्या, आणि ते ज्याने खूप उडवलं आहे अशाच प्रशिक्षकाकडून शिका. नुसता परवानाधारक प्रशिक्षक इथे पुरत नाही. अमेरिकन बोनान्झा सोसायटी ही मालकांची संघटना याच विमानांसाठी प्रशिक्षण चालवते, तिचा उपयोग होईल. विमा कंपनीला मात्र खरेदीच्या आधीच विचारा. आत जाणाऱ्या चाकांच्या विमानासाठी त्या बहुधा ठराविक तासांची आणि त्याच प्रकारच्या विमानावर प्रशिक्षकासोबतच्या उड्डाणांची अट घालतात. शून्य तासांच्या मालकाला विमा मिळाला तर तो कुठल्या हप्त्याने मिळतो ते एकदा कागदावर बघा. १५२ चं भाडं मग तुम्हाला खुपणार नाही.

आणि तुमच्या त्या तयार प्रशिक्षकांना तोडू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. त्यांनी आजवर किती जणांना बोनान्झावर शून्यापासून एकट्याच्या उड्डाणापर्यंत नेलं? उतरताना तुमची चूक ते कुठल्या उंचीपर्यंत होऊ देतील? आणि तुम्ही आधी १५२ वर परवाना काढून आलात तर पुढचं शिक्षण ते तितक्याच आनंदाने देतील का? तिसऱ्या प्रश्नाला ते मनापासून हो म्हणाले, तर बोनान्झासाठी गुरू तुम्हाला आत्ताच मिळालेला आहे. त्यांना अधूनमधून त्यांच्या ओळखीच्या बोनान्झात शेजारच्या आसनावर बसवून न्यायला सांगा. नियंत्रणाला हात न लावता फक्त रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळा, आणि विमानतळापासून चाळीस मैलांवर ते काय काय करायला लागतात ते वहीत वेळेसकट टिपून घ्या.